जुना ऑडिओ सेट ऑनलाइन घेताय? गोव्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या एका गावात मी अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतो. दुकान म्हणजे घराची पडवी. चवथ (गणेश चतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की व्हॉट्सॲपवर जाहिरातींचे स्क्रीनशॉट यायला लागतात, खाली एकच ओळ: "हा घेऊ काय?" उत्तरं बहुतेक तीच असतात, म्हणून एकदाची लिहून ठेवली. प्रश्नांना आकडे दिले आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही, फक्त आकडा दिला आहे.

१. जुनं घेण्यात खरंच फायदा आहे काय? की नवीनच बरं?

वस्तू कुठली त्यावर आहे. लाकडी पेटीचे साधे स्पीकर आणि जुन्या घडणीचा वजनदार अँप्लिफायर नीट वापरला तर तीस-चाळीस वर्षं सहज चालतो. बिघडला तरी उघडून दुरुस्त करता येतो. तेवढ्या पैशात मिळणारा नवा प्लॅस्टिकचा सेट त्याच्या आसपासही वाजत नाही. टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) आणि कॅसेट डेकही घ्यावेत, पण पट्टा, सुई, रबरी रोलर यांचा खर्च किमतीत धरून.

बॅटरीवर चालणारं मात्र जुनं घेऊ नये. ब्लूटूथ स्पीकर दोन-तीन वर्षं वापरला की त्याची बॅटरी थकलेली असते. इअरबडची बॅटरी बदलणं जवळजवळ अशक्य, आणि दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात घालायचं ते वेगळंच. होम थिएटरच्या संचाचंही मला कधी पटलं नाही. पाचातला एक तुकडा जातो, त्याची पिन फक्त त्याच कंपनीची असते आणि मग उरलेले चार कपाटावर धूळ खातात.

२. जाहिरात खरी आहे हे फोटोवरून कळतं काय?

बऱ्याचदा कळतं. आधी वस्तू बघू नका, तिच्या मागचं घर बघा. जाहिरातीत ठिकाण मडगाव आणि भिंतीवर खोली गरम करायचा रेडिएटर, असा फोटो मला एकाने पाठवला होता. भिंतीतला सॉकेट आपल्या तीन गोल भोकांचा आहे का, फरशी कसली आहे, खिडकीबाहेर काय दिसतं, यावरूनच निम्म्या खोट्या जाहिराती गळतात. तोच फोटो गुगल लेन्सवर टाकला की दुसऱ्या कुठल्या देशातल्या जाहिरातीत तो आधी वापरलाय का, तेही दिसतं.

पुढची पायरी म्हणजे नवीन फोटो मागणे. "आणखी फोटो पाठवा" असं मोघम म्हणू नका. नेमकं सांगा: मागच्या बाजूचा, लेबल आणि सीरियल नंबर वाचता येईल असा, आणि एक फोटो व्हॉल्यूमच्या बटणावर दोन बोटं ठेवून. वस्तू ज्याच्या समोर आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे ती नाही तो रागावतो, किंवा "दुसरं गिऱ्हाईक ॲडव्हान्स देतंय" म्हणतो.

३. सगळं पटलं, तर पैसे पाठवून वस्तू घरपोच मागवू?

वस्तू गोव्यात असेल तर नाही. पेडण्याहून काणकोणला गेलात तरी शंभर-सव्वाशे किलोमीटर. सकाळी निघालात तर संध्याकाळच्या दिवेलागणीला घरी. या राज्यात सेट न ऐकता घ्यायला काही कारणच नाही. ऑनलाइन जे होतं ते फक्त भेट ठरवण्यापुरतं. वस्तू बघायची, वाजवायची, मग तिथंच पैसे द्यायचे आणि गाडीत घालायची, याच क्रमाने. राज्याबाहेरून आणायचं असेल तर प्रश्न १४.

भेट शक्यतो विकणाऱ्याच्या घरी, दिवसा. सेट जिथे रोज वाजत होता तिथे बघितला की बरंच काही न विचारता कळतं. "पणजीला बसस्टँडवर भेटू" म्हणणाऱ्याकडे वीज कुठली असणार? न वाजवता घ्यावं लागेल.

४. विकणारा म्हणतो, "मी नेव्हीत आहे, बदली झाली, सामान कुरिअरने पाठवतो." खरं असेल?

हा प्रश्न गोव्यात जरा अवघड होतो. दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे, तिथल्या लोकांच्या बदल्या खरोखरच होतात आणि जाताना ते सामान विकतातही. मी स्वतः एका नौदलाच्या कुटुंबाकडून स्पीकरची जोडी घेतली आहे. इतका जपलेला माल क्वचित मिळतो.

खरा आणि खोटा यात फरक एवढाच: खरा माणूस घरी बोलावतो किंवा गेटवर येऊन भेटतो. खोटा आधी ओळखपत्राचा फोटो पाठवतो, मग गणवेशातला, मग कँटीन कार्डाचा. तुम्ही न मागता! भेटायचं म्हटलं की "ड्युटीवर आहे, आत सोडत नाहीत" आणि लगेच "कुरिअरचे पैसे आधी टाका". ओळखपत्राचा फोटो हा पुरावा नव्हे. तो कुणाचा तरी चोरलेला असतो.

५. वस्तू राखून ठेवायला ॲडव्हान्स मागतात. किती द्यावा?

अनोळखी माणसाला काहीही देऊ नये. "उद्या सकाळी दहाला येतो, तोवर थांबा" एवढं पुरतं. फारच मनात भरलं असेल तर ₹५००, म्हणजे बुडाले तरी रात्री झोप लागेल इतके.

६. मी जुना सेट विकतोय. घेणारा म्हणतो, "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील." करू?

नको. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, समोरचा काहीही सांगो. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे 'मागण्याची' सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे फसवणुकीचा एक जुना रस्ता बुजला. क्यूआरचा रस्ता तसाच उघडा आहे. "आधी दहा रुपये पाठवून दाखवतो" म्हणून तो खरंच दहा रुपये पाठवतो, विश्वास बसावा म्हणून, आणि दुसरा कोड हजारोंचा असतो.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही ग्राह्य धरू नका. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्यावरच सेट हलू द्यावा.

७. बघायला जाताना बरोबर काय नेऊ?

माझी पिशवी ठरलेली आहे. लाल-पांढऱ्या पिनची केबल, मोबाइलची ऑक्स केबल, स्पीकरच्या वायरचे दोन तुकडे सोललेल्या टोकांसकट, टॉर्च, ओला-कोरडा रुमाल, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा एक सेल. अँप्लिफायर बघायचा असेल तर माझा एक छोटा स्पीकरही नेतो, म्हणजे बिघाड अँपचा की त्यांच्या स्पीकरचा हा वाद राहत नाही.

आणि गाणं आपलं न्या. विकणारा नेहमी धाडधाड बेसचं काहीतरी लावतो, त्यात सगळे दोष झाकले जातात. मी तानपुऱ्यावर सुरू होणारं एखादं संथ गाणं लावतो. सुरुवातीच्या त्या अर्ध्या मिनिटात सेटची घरघर, सूं सूं, करकर सगळं उघडं पडतं.

८. अँप्लिफायर नेमका कसा तपासायचा? मला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही.

कळायची गरज नाही, हात आणि नाक पुरतं. गेल्या गेल्या बोलता बोलता वरच्या पत्र्यावर हात ठेवा. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधी तो तापवून ठेवलाय. काही बिघाड थंड असतानाच दिसतात आणि तापल्यावर लपतात. म्हणून फोनवर आधीच सांगावं, "मी आल्याशिवाय चालू करू नका."

मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करायला सांगा. बऱ्याच चांगल्या अँपमध्ये दोन-चार सेकंदांनी आतून "टक्" असा आवाज येतो. तो रिलेचा, म्हणजे अँपने स्वतःला तपासून स्पीकर जोडला. ज्यात रिले आहे त्यात टक् आलाच नाही तर आत बिघाड आहे. चालू करताच स्पीकरमधून "धप्प" असा मोठा दणका बसला तर तेही वाईट.

व्हॉल्यूम हळू फिरवा. फिरवताना करकरला तर घाबरू नका, आत धूळ आहे, स्प्रेने जाते. पण चेहरा गंभीर करून किंमत कमी करायला हरकत नाही. बटणाला हात न लावता करकर येत राहिली तर तो वेगळा आजार, तिथे थांबावं. बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. मागचे सगळे इनपुट एकेक करून. 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरच्या दोन जोड्या असतील तर दोन्ही.

इनपुटला काहीच जोडलेलं नसताना जाड, सलग "गूंऽऽ" येत असेल तर वीज गाळणारे मोठे कपॅसिटर म्हातारे झालेत. बदलता येतात, खर्च धरा. फक्त टर्नटेबल जोडल्यावर गूं आला तर बहुतेक अर्थची बारीक वायर सुटलेली असते. त्यापायी कुणी चांगला अँप स्वस्तात फुंकत असेल तर मला कळवा.

मल्टिमीटर असेल तर हे कराच: स्पीकर काढा, व्हॉल्यूम शून्य, दहा मिनिटांनी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभराच्या वर गेलं तर दुरुस्ती आली. आकडा व्होल्टमध्ये दिसायला लागला तर त्या अँपला आपला स्पीकर जोडूसुद्धा नका, आतली कॉइल (तारेची गुंडाळी) जळेल.

किमान अर्धा तास वाजवा. चहा देतीलच, तो सावकाश घ्या. शेवटी जाळीजवळ नाक नेऊन वास घ्या. जळकट वास वर्षानुवर्षं जात नाही. स्क्रूंची डोकी कुरतडलेली असतील तर कुणीतरी उघडलाय. उघडणं वाईट नव्हे, लपवणं वाईट. काय केलं, कुणी केलं हे सरळ सांगणाऱ्याकडून मी दुरुस्त केलेला अँप आनंदाने घेतो.

९. आणि स्पीकर?

जाळी काढायला लावा. जाळी न काढू देणाऱ्याचा स्पीकर घेऊ नये. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेला जी लवचीक गोल पट्टी असते ती फोमची की रबराची ते बघा. फोम आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत सडतो. बोट लावलं की काळी-पिवळी भुकटी पडते. रबर खूप टिकतं. फोम बदलून मिळतो, त्यामुळे सडलेला फोम म्हणजे नकार नव्हे, फक्त किंमत वेगळी.

पाचही बोटं पसरून कोन सगळीकडून सारखा, अगदी हलका आत दाबा. आतून "खर्र" असं घासल्यासारखं आलं तर कॉइल जळली किंवा वाकली. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. पण पेटीच्या मागच्या टर्मिनलवर मोजताना ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) या मोजणीत येत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. त्यासाठी वर्तमानपत्राची सुरळी करा, एक टोक ट्वीटरसमोर, दुसरं कानाला. आवाज कमी ठेवून. झांजेची, टाळांची किणकिण आली पाहिजे. दोन्ही पेट्यांचे ट्वीटर एकसारखे आहेत का तेही बघा, एका बाजूला स्वस्तातला बसवलेला पुष्कळदा सापडतो.

दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा, अधिक टोक लाल टर्मिनलला. कोन बाहेर आला पाहिजे. एका पेटीचा बाहेर आणि दुसरीचा आत जात असेल तर कुणीतरी आतल्या वायर उलट्या जोडल्यात. असा संच बेस हरवल्यासारखा वाजतो आणि मालक बिचारा तो वाईट समजून विकतो.

१०. जाहिरातीत "१०,००० वॅट" लिहिलंय. एवढ्याची गरज आहे काय?

तो पीएमपीओचा आकडा. मनात येईल तो छापतात. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे खरे वॅट, किती ते विचारा, आणि सांगता आलं नाही तर मागच्या लेबलवर वीज किती खाते ते वाचा. भिंतीतून ६० वॅट घेणारा सेट हजार वॅट कुठून देणार? घरच्या खोलीला तीस-चाळीस वॅट आरएमएस भरपूर झाले.

११. समुद्राजवळच्या घरातला सेट घेऊ नये असं म्हणतात. आणि मे महिन्यात शॅकवाले (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांचे मालक) स्वस्तात विकतात ते?

कळंगुट, बाणावली, मोरजी या पट्ट्यातला माल मी दुप्पट वेळ लावून बघतो, पण नाकारत नाही. खारी हवा आधी उघड्या धातूला खाते. मागच्या पिना हिरव्या झाल्यात का, हेडफोनचं भोक काळं पडलंय का, स्क्रूंना गंज आहे का, तळाचा पत्रा फुगलाय का. वरून रुमालाने पुसून चकचकीत केलेला सेट उलटा करून बघा, तळ कुणी पुसत नाही. बंद कपाटात दोन पावसाळे काढलेल्या सेटमध्ये बुरशी, आणि कधी मुंग्यांचं वारूळसुद्धा असतं.

मेअखेर शॅक मोडून ठेवतात, तेव्हा टॉप आणि बेसच्या स्पीकरपेट्या, मिक्सर असं बरंच विकायला निघतं. किंमत खरंच कमी असते. पण तो माल सहा-सात महिने रोज, पूर्ण आवाजात, वाळूत वाजलेला असतो. बेसच्या पेटीच्या भोकातून हात घालून तळाशी फिरवा, चिमूटभर तरी वाळू निघतेच. मूठभर निघाली तर कोनमागे कॉइलच्या फटीतही ती गेली असणार. कोन दाबून बघायची कृती प्रश्न ९ मध्ये आहे. मिक्सरचे सरकणारे फेडर खालून वर ओढून बघा, वाळू असेल तर बोटाला कळते. घरच्या भजनासाठी असला माल घेऊ नका. साऊंडचा धंदा असेल आणि कोन बदलून घ्यायची तयारी असेल तर जरूर घ्या.

१२. मामा जहाजावर होते, त्यांनी आणलेला जपानी सेट शेजारी विकतायत. चांगला असतो ना?

तारवटींनी (जहाजावरच्या खलाशांनी) आणि गल्फला गेलेल्यांनी आणलेले अकाई, सान्सुई, पायोनिअर गोव्यातल्या किती घरांत शोकेसमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली बसलेत, त्याला गणती नाही. माल अस्सल असतो. पण मागे व्होल्टेज वाचल्याशिवाय पिन भिंतीत घालायची नाही. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा, आपल्या भिंतीत २३०. माझ्या शिकाऊ दिवसांत मी १०० व्होल्टचा डेक सरळ भिंतीत लावला होता. चवथीच्या आदल्या संध्याकाळी, सगळं घर माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधत असताना. एक बारीक "चिर्र", माशासारखा वास, आणि त्या वर्षीच्या आरत्या बिनमाईकच्या झाल्या.

मागे व्होल्टेज बदलायचं बटण किंवा चकती असेल तर प्रश्न मिटला, फक्त ती २२० किंवा २४० वर आहे याची खात्री करा. नसेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, सेटच्या वॅटपेक्षा भरपूर मोठा.

ट्रान्सफॉर्मरनेही न सुटणारी एक गोष्ट आहे. काही जुन्या टर्नटेबल आणि टेपच्या मोटरी विजेच्या हर्ट्‌झवर धावतात. अमेरिका आणि पश्चिम जपानमध्ये ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. अशी मोटर इथे सहात पाच इतक्या वेगाने फिरते आणि गाणं जवळजवळ तीन अर्धस्वर खाली येतं. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये उतरते, तेही रेंगाळत. लेबलवर "५०/६०" लिहिलं असेल तर बरं. फक्त ६० असेल तर पुली बदलायला मिळते का ते आधी शोधा. डायरेक्ट ड्राइव्हच्या (मोटर थेट प्लेटखाली असलेल्या) टर्नटेबलना हा त्रास सहसा नसतो.

१३. टर्नटेबलमध्ये काय बघायचं? आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही आहेत.

सुई. बाकी सगळं नंतर. कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या तुकड्याचं) नाव विचारा, त्याची सुई आज मिळते का आणि केवढ्याला ते बघा, आणि ती रक्कम टर्नटेबलच्या किमतीत मिळवा. "सुई नवीन आहे" या वाक्यावर मी आजवर एकदाही पैसे दिलेले नाहीत.

वेग मोजायला ॲप नको. प्लेटच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ च्या वेगावर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत. आर्म दोन्ही दिशांना फुंकरेसरशी सरकला पाहिजे, कुठे अडखळता कामा नये. डीजेंकडून येणारी टेक्निक्सची एसएल-१२०० मालिका (२०१० मध्ये बंद पडून २०१६ मध्ये परत आली) दणकट आहे, पण किनाऱ्यावर वाजलेल्या यंत्राचा पिच फेडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) आणि आर्मची बेअरिंग नीट बघा.

७८ च्या तबकड्यांना एलपीची (३३⅓ च्या तबकडीची) सुई लावू नका. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते, एलपीची सुई तळाशी घासत जाते, करकर वाढते आणि सुईही जाते. ७८ ची वेगळी सुई मिळते. आजोबांच्या पेटीत गायिका केसरबाई केरकरांची तबकडी असेल तर ती विकायच्या भानगडीत पडू नका. केरीच्या या बाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली आहे.

पितळी कर्णा, अष्टकोनी नक्षीदार पेटी, वर कुत्र्याचं चित्र असा "शंभर वर्षांचा ग्रामोफोन" पर्यटकांसाठी हल्ली बनवतात. शोभेला ठेवा, तबकडी लावू नका.

१४. हवा तो अँप पुण्यात किंवा बेंगळुरूला आहे. कसा आणू?

पहिला पर्याय: तिथला कुणी नातेवाईक जाऊन प्रश्न ८ मधलं सगळं करेल, पैसे देईल आणि येताना गाडीतून आणेल. यापुढचे सगळे पर्याय याच्या खालचे.

जाणारं कुणीच नसेल तर व्हिडिओ कॉल. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. कॉलवर तुम्ही सांगाल ते बटण त्याने फिरवायचं. सीरियल नंबर कॅमेऱ्यासमोर, आणि तोच नंबर वस्तू हातात आल्यावर जुळवायचा. पैसे बँक खात्यात, खात्यावरचं नाव आणि त्याने सांगितलेलं नाव एकच असेल तरच.

खरा घात पॅकिंगमध्ये होतो. अँपचं वजन एका कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला असतं. खोका पडला की तो कोपरा आत जातो. खोक्यात खोका, मध्ये दोन इंच घट्ट थर्माकोल, मोकळी जागा अजिबात नाही. टर्नटेबल असेल तर प्लेट काढून वेगळी, आर्मचं मागचं वजन काढून वेगळं, आर्म स्टँडला बांधलेला, सुईवर टोपी, वरचं झाकण वेगळं. हे सगळं सांगून "हो हो" म्हणणाऱ्याकडे बंद करण्याआधीचा फोटो मागा. पार्सल घेताना खोका फोडण्याआधीपासून व्हिडिओ चालू ठेवा, न थांबवता. विमा काढला असेल तर दाव्याला तो लागेल.

पावसाळ्यात घाटातून येणाऱ्या बसच्या डिकीत काही मागवू नका. मागवायचंच तर खोक्याआधी प्लॅस्टिक गुंडाळायला सांगा.

१५. माईक नकली निघतात म्हणे. ओळखायचे कसे?

सगळ्यात जास्त नक्कल होते ती शुअरच्या एसएम५८ ची. १९६६ पासूनचा हा माईक भजनापासून तियात्रापर्यंत (कोंकणी नाटकापर्यंत) सगळीकडे दिसतो. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम. सरळ पसरकाराच्या (वाण्याच्या) काट्यावर ठेवा. बरंच हलकं भरलं तर पुढे बोलायलाच नको. वजन जमलं म्हणून अस्सल ठरत नाही, कारण नकली बनवणाऱ्यांकडेही काटे असतात. ओळखीच्या अस्सल माईकशेजारी लावून एकच ओळ दोन्हीत म्हणून बघा.

वायरलेस माईक जुना घेत असाल तर रिसीव्हरच्या मागे फ्रिक्वेन्सी वाचा. ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आता ५जी चालतं. त्या पट्ट्यातला परदेशी माईक घरी छान वाजेल आणि मांडवात, चारशे मोबाइलांमध्ये, नेमका कीर्तनकार पूर्वरंग संपवताना फुरफुरायला लागेल.

१६. चोरीचा माल तर नाही ना, हे कसं कळणार? घेतल्यावर कळलं तर?

साऊंड भाड्याने देणारे पेट्यांवर स्टेन्सिलने नाव रंगवतात. ते खरवडलेलं किंवा त्यावर नवा काळा रंग मारलेला दिसला तर विचारा. सीरियल नंबरचं लेबल ओरबाडून काढलेलं असेल तर न विचारता परत या. मूळ बिल असणं उत्तम, पण वीस वर्षांपूर्वीचं बिल कुणाकडेच नसतं, ते नाही म्हणून संशय घेऊ नका.

साध्या कागदावर पावती मात्र करा: वस्तू, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांची नावं आणि सह्या. चोरीचा आहे हे माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुम्ही प्रामाणिकपणे घेतलात हे दाखवायला हा कागद आणि ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद उपयोगी पडते. नंतर संशय आला तर वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात न मारता पोलीस ठाण्यात जा. वस्तू जाईल, तुम्ही राहाल.

१७. घरी आणून आठ दिवसांत बंद पडला. परत घ्यायला लावता येईल?

माणसाने माणसाला विकलेल्या जुन्या वस्तूला वॉरंटी नसते. विकणारा खोटं बोलला, बिघाड माहीत असून लपवला, हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, म्हणून आधीच्या चॅट पुसू नका. जुन्या मालाचा धंदा करणाऱ्या दुकानाकडून घेतला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

"चालू आहे की नाही माहीत नाही, तपासलेला नाही" अशी जाहिरात असेल तर तो बंद आहे असं समजून बंदची किंमत द्या. चालू करून बघायला एक पिन आणि एक बोट लागतं.

१८. मी फसलो. पैसे गेले. आता?

हे वाचणं थांबवा आणि १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकायच्या आत ते अडवता येतात, त्यामुळे इथे तासाला नव्हे, मिनिटाला किंमत आहे. मग बँकेला कळवा. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, त्यात व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट. ती जाहिरात तो लगेच काढून टाकतो, म्हणून स्क्रीनशॉट आधी. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८. "चारशेवीस" हे फक्त बोलण्यात उरलंय.

लाजेपोटी दोन दिवस कुणाला न सांगणारे खूप बघितले. आणि "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा दुसरा अंक समजा.

१९. विकणारी मावशी आमच्या ओळखीची आहे. तपासायला संकोच वाटतो.

गोव्यात हे होणारच, दोन वाक्यांत कुणाचं तरी माहेर निघतं. "आमच्या मिस्त्रीला एकदा दाखवतो" म्हणावं आणि दोष मिस्त्रीवर घालावा, आम्हाला सवय आहे. पण ओळखीतल्या घरून कॅसेट डेक उचलताना एक करा: त्यांच्यासमोर झाकण उघडून आत काही राहिलंय का ते बघा. म्हार्दोळच्या एका बाईंचा डेक मी असाच घेत होतो. झाकण अडकलेलं, स्क्रू काढून उघडलं तर आत कॅसेट. त्यांच्या यजमानांनी जत्रेच्या नाटकात म्हटलेलं पद त्यात होतं, कुणीतरी पडद्यामागून रेकॉर्ड केलेलं, मध्येच प्रॉम्प्टरचा आवाज. डेक मी नेला, कॅसेट त्यांना दिली. मग लक्षात आलं की ती वाजवायचं यंत्र तर मीच गाडीत घातलंय. दुसऱ्या दिवशी ते पद पेन ड्राइव्हवर घालून नेऊन दिलं.